ओसरीवरून : बंबावरची विद्या

गेल्या चैत्रांत आमच्या पलीकडच्या आळींतील एका जुन्या वाड्यास आग लागली. वेळ दिवेलागणीची. घरांतील मंडळी देवदर्शनास गेलेली, आणि माडीवरच्या बंद खोलींत विजेच्या तारा एकमेकींस लागून तेथील जुन्या गाद्यांनीं व रद्दीनें पेट घेतलेला. धूर दिसला तेव्हां आळींतील कोणीं बादल्या आणल्या, कोणीं नुसता आरडाओरडा केला, आणि कोणीं सुदैवानें बंबास खबर दिली. नगरपालिकेचा बंब पाव तासांत आला. आमच्या गांवचे रस्ते ज्यांनीं पाहिले आहेत ते या बाबतींत त्या लोकांस दोष देणार नाहींत. आम्हीहि देत नाहीं.

बंबावर चार असामी होते. एक गाडी हांकणारा, दुसरा एरवीं पाण्याच्या टँकरवर असणारा, तिसरा बागखात्यांतून उसना घेतलेला, आणि चवथा आमचा एक जुना विद्यार्थी, रोजंदारीवर लागून त्यास जेमतेम आठ महिने झालेले. खालच्या तिघांनीं रस्त्यांत उभे राहून खिडकींतून पाण्याची धार सोडली. ती धुरावर पडत होती, आगीवर नव्हे. इतक्यांत आंत कोणी तरी अडकलें आहे असें गर्दींतून कोणी ओरडलें. तें ऐकतांच आमचा विद्यार्थी जिना चढून वर गेला. तोंडास ओला पंचा, अंगांत साधा सदरा, पायांत चपला. त्यानें दारास लाथ मारली आणि दार सताड उघडलें. खोलींत मनुष्य कोणीहि नव्हता. होता तो कोंडलेला आणि हवेस भुकेलेला अग्नि. हवा मिळतांच ज्वाळेचा लोट दारांतून बाहेर आला, आणि त्या मुलाचें तोंड व दोन्ही हात भाजले.

सात आठवडे तो रुग्णालयांत होता. जिवावरचें शेपटावर निभावलें असें म्हणतात. त्याचें दोन बोटांवर निभावलें. उजव्या हाताचीं तीं बोटें आतां पुरतीं मिटत नाहींत. आम्ही भेटीस गेलों तेव्हां त्यानें कोणाविरुद्ध तक्रार केली नाहीं. थोडा वेळ इकडचें तिकडचें बोलून तो एवढेंच म्हणाला, "गुरुजी, दार कसं उघडायचं, हें शिकवायला किती वेळ लागला असता हो?"

चाळीस वर्षें आम्हीं मुलांच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं. या प्रश्नास मात्र त्या वेळीं आमच्याजवळ उत्तर नव्हतें. घरीं येऊन पुस्तकें चाळलीं, जाणत्यांस विचारलें, तेव्हां कळलें कीं, उत्तर दहा मिनिटें असें आहे. बंद दारापाशीं गेल्यावर प्रथम हाताच्या पाठीनें दार वरपासून खालपर्यंत चांचपावें. तें किती तापलें आहे यावरून आंतला प्रकार समजतो. फटींतून धूर आंत ओढला जात असेल, किंवा श्वासाप्रमाणें आंतबाहेर होत असेल, तर अग्नि हवेच्या शोधांत आहे असें जाणावें. पाण्यानें भरलेली नळी हातांत येईपर्यंत दारास हात लावूं नये. मग दाराच्या समोर नव्हे, तर बाजूस, गुडघ्यावर बसावें. दार वीतभर उघडावें, आंत तुषार सोडावा, दार पुन्हां ओढून घ्यावें. आणि असें दोनतीनदां केल्यावर पुढें सरावें. सांगावयास दहा मिनिटें लागतात. अंगवळणीं पडावयास मात्र शेंकडों वेळां करावें लागतें. या दोन वाक्यांमध्यें आमच्या आजच्या लेखाचें सर्व सार आहे.

हा विषय या सदरांत आज येण्यास आणखी एक घरगुती कारण झालें. त्याच उन्हाळ्यांत आमच्या धाकट्या पुतण्याच्या मुलानें, दहावी होऊन दोन वर्षें महाविद्यालयांत काढल्यावर, एके दिवशीं जेवणाच्या पंक्तींत जाहीर केलें कीं, आपण अग्निशामकाचा अभ्यासक्रम करणार. पंक्तींत एकदम शांतता पसरली. वाढणाऱ्या वहिनींच्या हातांतील पळी तशीच राहिली. "आपल्या घरचा मुलगा बंबावर?" हा प्रश्न कोणीं मोठ्यानें विचारला नाहीं, पण तो प्रत्येकाच्या पानांत वाढला गेला. घरांत डॉक्टर आहेत, हिशेबनीस आहेत, दोन इंजिनियर परदेशीं आहेत. बंबावर आजवर कोणी गेलें नव्हतें. त्याच्या आईनें मात्र निराळाच प्रश्न विचारला. तो पुढें सांगूं.

प्रथम प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस आमच्या संस्कृताभ्यासाची आठवण झाली. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत नगराध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना आगीचा विषय किती बारकाईनें घेतला आहे हें पाहून आजहि आश्चर्य वाटतें. उन्हाळ्यांत दिवसाच्या मधल्या प्रहरांत घरांत विस्तव पेटविण्यास बंदी. प्रत्येक गृहस्थानें पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा, पेटलेलें गवत ओढून काढण्याचें साधन आणि कातडी पखाल बाळगावी, न बाळगल्यास दंड. हमरस्त्यांवर, चव्हाट्यांवर व राजवाड्यांपाशीं पाण्याचे हजारों घट ओळीनें मांडलेले असावेत. विस्तवावर पोट भरणाऱ्या कारागिरांनीं एका बाजूस वस्ती करावी. शेजारचें घर पेटलें असतां जो मालक धांवून जाणार नाहीं त्यास बारा पण दंड, भाडेकऱ्यास सहा पण; निष्काळजीपणानें आग लावणाऱ्यास चौपन्न पण; आणि बुद्ध्या लावणाऱ्यास त्याच आगींत मरण.

व्यवस्था उत्तम आहे यांत शंका नाहीं. परंतु तींत एक गोष्ट नाहीं. आग विझविणें हेंच ज्याचें शास्त्र व हाच ज्याचा धंदा असा मनुष्य त्या नगरांत आम्हांस दिसत नाहीं. धांवून जाणें हें सर्वांचें कर्तव्य आहे. धांवून गेल्यावर काय करावयाचें हें कोणीं कोणास शिकवावें, याची तरतूद नाहीं. गवताच्या छपरांच्या नगरास तें पुरलें असेल. आजच्या घरांत मात्र नळीवाटें आलेला ज्वालाग्राही वायु असतो, जिन्याखालीं विजेरी भरत ठेवलेली दुचाकी असते, गाद्यांत व पडद्यांत जळतांना विषारी धूर सोडणारे कृत्रिम पदार्थ असतात. तेथें नुसती धांव पुरत नाहीं. आमचा विद्यार्थी कौटिल्याच्या कसोटीस पूर्ण उतरला होता. बारा पण काय, त्यास एक पणहि दंड झाला नसता. दंड अग्नीनें केला.

आग विझविणें हें शिकण्याचें काम आहे, ही कल्पना जगांत फार जुनी नाहीं. स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं १८२४ सालीं नगराचें अग्निशामक दल निघालें आणि त्याचें आधिपत्य जेम्स ब्रेडवुड नांवाच्या अवघ्या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे आलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्या शहरांत मोठी आग लागली आणि शूरपणा व शिस्त या दोन वस्तु भिन्न आहेत हें सर्वांस दिसून आलें. ब्रेडवुडनें आपल्या दलांत छपरें घालणारे, सुतार, गवंडी, नळ जोडणारे, लोहार असे लोक घेतले. कारण घर कसें बांधतात हें ज्यास ठाऊक, त्यास तें कसें कोसळतें हेंहि समजतें. त्यांस तो पहाटेच्या अंधारांत, रस्ते निर्मनुष्य असतां, कवाईत करावयास लावी. १८३० सालीं त्यानें या विद्येवर पुस्तक लिहिलें, आणि त्या पुस्तकाच्या नांवांतच बंबांच्या रचनेबरोबर माणसांच्या शिक्षणाचा उल्लेख केला. पुढें १८३३ पासून तो लंडनच्या दलाचा प्रमुख झाला. २२ जून १८६१ रोजीं टूली स्ट्रीटवरील वखारींच्या आगींत आपल्या थकलेल्या माणसांची विचारपूस करीत फिरत असतां भिंत अंगावर कोसळून तो मरण पावला. ज्यानें इतरांस जगण्याची विद्या शिकविली त्यास तीच विद्या शेवटीं वांचवूं शकली नाहीं; ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहों, कारण तिचा पुढें उपयोग आहे.

आपल्या इकडे मुंबईच्या कोटांत १८०३ सालीं प्रचंड आग लागली होती. शहरास व्यवस्थित अग्निशामक दल लाभण्यास मात्र त्याच शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्या दलाच्या इतिहासांतील १४ एप्रिल १९४४ हा दिवस कोणीहि विसरूं नये. व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें जहाज लागलें होतें. त्यावर कापसाच्या गांसड्या होत्या, सोन्याच्या लगडी होत्या आणि सुमारें चौदाशें टन दारूगोळा होता. दुपारीं आग लागली. स्फोटक माल असल्याची खूण म्हणून जें तांबडें निशाण जहाजावर लावावयाचें तें लावलेलें नव्हतें. बंबवाले पाणी मारीत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. आणि त्या दिवशीं अग्निशामक दलाचे सहासष्ट लोक कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षीं १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि तेथपासून आठवडाभर सप्ताह होतो. शाळाशाळांतून फुगे फोडून, नळीचे फवारे उडवून मुलांस गंमत दाखवितात. तेंहि बरेंच आहे. पण त्या सहासष्ट जणांनीं मागें ठेवलेला धडा असा कीं, समोर काय जळत आहे हें न कळतां शौर्य व्यर्थ जातें.

स्वातंत्र्यानंतर ही गोष्ट सरकारच्या ध्यानांत आली असें म्हणावें लागेल. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ सालीं उत्तरेकडील रामपुर येथें निघालें आणि पुढल्याच वर्षीं आपल्या नागपुरास आलें. देशांतील अधिकारी तेथें तयार होतात. साध्या अग्निशामकाकरितां राज्याचें प्रशिक्षण केंद्र मुंबईस सांताक्रूझ येथें आहे, आणि दहावी झालेल्या मुलास तेथें सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करतां येतो. आमच्या नातवाच्या हातीं त्याचीच माहिती होती. आम्हीं ती चष्मा लावून प्रथमपासून अखेरपर्यंत वाचली, आणि मग त्याच्या ओळखीच्या एका निवृत्त अधिकाऱ्यास घरीं बोलावून दोन तास प्रश्न विचारले. खरें सांगावयाचें तर इतकी नेमकी विद्या या धंद्यांत असेल अशी आमची कल्पना नव्हती.

उदाहरणार्थ, त्रैराशिक. श्वासाचा जो संच पाठीवर बांधून धुरांत शिरतात त्यांतील नळकांडें साधारणतः सहा लिटर मापाचें असतें, आणि तींत ३०० पट दाबानें हवा भरतात; म्हणजे मोकळी हवा सुमारें १,८०० लिटर. कष्ट करणारा मनुष्य मिनिटास अदमासें चाळीस लिटर हवा घेतो. तेव्हां हवा पंचेचाळीस मिनिटें पुरेल, असें आमच्या वर्गांतील कोणताहि मुलगा सांगेल. आणि तो नापास होईल. कारण शेवटचीं दहा मिनिटें हिशेबांत धरावयाचींच नसतात. तीं उरलीं म्हणजे संचावरची शिटी वाजूं लागते, आणि ती वाजण्यापूर्वीं माणूस बाहेर असला पाहिजे. शिवाय आंत जाण्यास जेवढा वेळ लागला तेवढा तरी परत येण्यास लागणार, थकव्यानें जास्तच. म्हणून बाहेर एक जण पाटी घेऊन उभा असतो. कोण केव्हां आंत गेला, किती हवेनिशीं गेला, केव्हां परतला पाहिजे, हें तो लिहितो. ज्या गणितांत चूक झाली असतां उत्तराऐवजीं मनुष्य खोडला जातो, असें गणित आम्हीं चाळीस वर्षांत शिकविलें नव्हतें.

दुसरें, पाणी. पाण्यानें आग विझते हें तान्हें मूलहि जाणतें. पण एक लिटर पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सुमारें सतराशें लिटर जागा व्यापते. तेव्हां तापलेल्या कोंदट खोलींत वाफ जाण्यास वाट न ठेवतां धार सोडली तर तीच वाफ उलटून विझविणाऱ्यास भाजते. कढईंतील पेटलेल्या तेलावर पाणी टाकलें तर तेल भडकून छतास लागतें. तेथें आंच बंद करून झांकण ठेवणें हाच उपाय. स्वयंपाकाचा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें खालीं जमिनीवर सांचतो. वास आला असतां दिव्याचें बटण दाबूं नये, दारेंखिडक्या उघडाव्या. हें शेवटचें वाक्य घरोघरींच्या माताभगिनींनीं स्वयंपाकघरांत लिहून ठेवावें अशी आमची विनंति आहे.

तिसरें, शरीर. त्रेसष्ट मिलिमीटर रुंदीची नळी दाबानें भरली म्हणजे एकट्या माणसास आवरत नाहीं. दोघांनीं कशी धरावी, पंधरा पंधरा मीटरांचे तुकडे धांवतां धांवतां कसे जोडावे, शिडी कोणत्या कोनांत लावावी, बेशुद्ध मनुष्यास खांद्यावर घेऊन कसें उतरावें, डोळ्यांपुढें कांहींच दिसत नसतां एक हात भिंतीस लावून खोली कशी शोधावी, दोरास कोणती गांठ द्यावी. ह्या सर्व गोष्टी पहाटे, उपाशीपोटीं, पावसांत, पुन्हां पुन्हां करून घेतात. आम्हीं लहानपणीं शब्दरूपावली अशीच घोकली. तेव्हां ती शिक्षा वाटे. पुढें श्लोक समोर येतांच विभक्ति आपोआप ओठीं येऊं लागली, तेव्हां कळलें कीं, घोकंपट्टी ही बुद्धीची वैरीण नसून ऐनवेळीं बुद्धीस मोकळें ठेवणारी दासी आहे. धुरांत विचार करावयास वेळ नसतो. तेथें हातालाच पाठ असावें लागतें.

आतां दाखल्याचा प्रश्न. आम्ही शाळामास्तर, दाखल्यांच्या बाबतींत आमच्याइतका अश्रद्ध मनुष्य विरळा. परीक्षा उत्तीर्ण झालेले अज्ञ आणि अनुत्तीर्ण झालेले सुज्ञ आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून कागदास आम्ही सर्वस्व मानीत नाहीं. तथापि दाखला खरा असण्यास तीन गोष्टी असाव्या असें आमचें मत झालें आहे. पहिली, शिकविणारा व परीक्षा घेणारा एकच नसावा. दुसरी, परीक्षा लेखणीची नव्हे, हाताची असावी. गांठ मारून दाखवावी, दार उघडून दाखवावें. तिसरी, दाखला जन्माचा नसावा. ठराविक वर्षांनीं त्यानें पुन्हां कसोटीस उभें राहावें, कारण शरीर म्हातारें होतें आणि आगी नव्या निघतात. अमेरिकेंत अग्निशामकांपैकीं बहुसंख्य लोक गांवोगांवचे स्वयंसेवक आहेत. तरी त्या देशांत अग्निशामकाच्या अंगीं कोणते गुण असावे याचा मानदंड १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पुढें दोन पायऱ्या ठरल्या: पहिलीचा मनुष्य देखरेखीखालीं काम करणारा, दुसरीचा अधिक जबाबदारी उचलणारा. अंक बदलले, ग्रंथांचें एकीकरण झालें, पण तत्त्व कायम आहे: पगारी असो वा विनामूल्य, अग्नि भेद करीत नाहीं, तेव्हां परीक्षेनेंहि करूं नये.

आपल्या इकडे काय आहे? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें जी बारावी अनुसूची जोडली तींत अग्निशमन हा विषय नगरपालिकांच्या कामांत घातला आहे. मोठ्या महानगरपालिकांस तें झेपतें. लहान गांवीं बंब असतो, बंबास रंग असतो, आणि बंबावर जो दिवस मोकळा असेल तो मनुष्य असतो. आमच्या राज्यांत २००६ सालचा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपायांचा कायदा आहे. त्याप्रमाणें इमारतींतील आगीचीं साधनें चालू स्थितींत आहेत असा दाखला परवानाधारकाकडून घेऊन वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, द्यावा लागतो. नियम योग्यच आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत दहा अर्भकें दगावलीं, तें आठवलें म्हणजे असे नियम कागदावर राहूं नयेत असें कोणास वाटणार नाहीं? पण आमच्या मनांत एक विचित्र विचार आला. भिंतीवर टांगलेल्या तांबड्या नळकांड्यास दर सहा महिन्यांनीं दाखला लागतो. आणि आमच्या विद्यार्थ्यास त्या जिन्यावर पाठवितांना त्याचा दाखला कोणींहि विचारला नाहीं.

यावर दोन आक्षेप येतात. एक असा कीं, वीस वीस वर्षें बंबावर काढलेल्या अनुभवी माणसांस तुम्ही आतां परीक्षेस बसविणार काय? त्यांचा अपमान करावा असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास काम येतें त्याची हातची परीक्षा घेऊन त्यास सरळ दाखला द्यावा, आणि जेवढें उणें असेल तेवढेंच शिकवावें. आमच्या काळीं वेदशाळेंतून आलेल्या विद्यार्थ्यास कोणी मुळाक्षरांपासून बसवीत नसे. दुसरा आक्षेप खरा बिकट आहे. रोजंदारीवरच्या मनुष्यानें सहा महिने मजुरी सोडून मुंबईस राहावें कसें? घर कोणी चालवावें? याचें उत्तर त्या मनुष्याकडे मागणें हा अन्याय आहे. तें गांवानें दिलें पाहिजे. केंद्र सरकारनें २०२३ सालीं राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठीं व आधुनिकीकरणासाठीं ५,००० कोटि रुपयांची योजना काढली. अशा पैशांतून नवे बंब येतात तेव्हां फुलांचे हार घालून त्यांचीं छायाचित्रें निघतात. शिकून आलेल्या मनुष्याचें छायाचित्र निघत नाहीं, कारण तो पूर्वींसारखाच दिसतो. फरक दार उघडतांना कळतो.

आतां आमच्या नातवाच्या आईचा प्रश्न. पंक्ति उठल्यावर ती ओसरीवर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मामंजी, बंबावर जाण्यांत कमीपणा आहे असं मी म्हणत नाहीं. मला एवढंच सांगा, शिकला म्हणजे तो परत येईल ना?"

होय असें म्हणणें सोपें होतें. पण आम्हांस ब्रेडवुड आठवला. आणि त्याहून जवळची गोष्ट म्हणजे ९ मे २०१५ ची. मुंबईंत काळबादेवीस जुनी इमारत पेटून कोसळली आणि अग्निशामक दलाचे चार अधिकारी त्या आगीचे बळी झाले. ते शिकलेले होते. नुसते शिकलेले नव्हेत, शिकविण्याच्या योग्यतेचे होते. तेव्हां आम्हीं खरें तेंच सांगितलें. "सूनबाई, तशी हमी कोणी देणार नाहीं. पण परवां जो मुलगा भाजला त्यास आंत जावें कीं जाऊं नये हेंच ठाऊक नव्हतें. शिकलेल्या मनुष्यास आंत कसें जावें हें कळतें, आणि कोठें थांबावें हेंहि कळतें. न शिकतां जाणाऱ्याची आई जास्त रडते, एवढें आम्ही पाहून आलों आहों."

ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तो दोन खोल्यांच्या घरांतला मुलगा न शिकतां गेला, आणि आमच्याकडे शिकायला पैसे असतांना आम्ही नको म्हणतों, हेंहि बरं दिसत नाहीं." आमच्या सर्व युक्तिवादांपेक्षां हें वाक्य वजनदार होतें. वहिनींनीं आंतून विचारलें, मुंबईस जेवणाची सोय काय? तेव्हां आम्हीं ओळखलें कीं, प्रश्न सुटला. मुलगा या आषाढांत गेला. पहिल्या पत्रांत त्यानें हाताच्या फोडांचें वर्णन केलें आहे, दुसऱ्यांत गांठींचें. तिसरें पत्र आलें नाहीं, यावरून अभ्यास नीट चालला असावा.

आमचा जुना विद्यार्थी बरा होऊन पुन्हां बंबावर रुजू झाला आहे. दुसरें काय करील? त्याच्या वतीनें आम्हीं नगरपालिकेस अर्ज लिहिला. आळींतील एकसष्ट कुटुंबप्रमुखांनीं त्यावर सह्या केल्या. मागणी एवढीच कीं, बंबावरील चौघांस एकामागून एक शिक्षणास पाठवावें, त्या काळांतील त्यांची मजुरी चालू ठेवावी, आणि तोंवर निदान श्वासाचे दोन संच व अंगावर घालावयाचे संरक्षक कपडे द्यावे. विचार करूं असें तोंडी उत्तर मिळालें आहे. सरकारी विचार सावकाश होतात. म्हणून आम्ही दर सोमवारीं तेथें जाऊन बांकावर बसतों. पेन्शनराचा वेळ असाच सार्थकीं लागतो.

सुज्ञ वाचकांस आमचें एवढेंच सांगणें कीं, आपल्या गांवच्या बंबखान्यांत एकदां जाऊन यावें. बंब किती आहेत हें विचारूं नये. तें ते लोक आपण होऊन सांगतात. बंबावर कोण कोण असतें, त्यांतील किती जणांस कोणीं शिकविलें, आणि शेवटची कवाईत केव्हां झाली, हे तीन प्रश्न विचारावे. उत्तर समाधानकारक आलें तर त्या लोकांस चहा पाजावा. न आलें तर तीच गोष्ट नगरपालिकेस लेखी विचारावी.

आणि घरीं परत येतांना आपलाहि जिना पाहावा. हा लेख आम्ही लिहीत असतां कुटुंबानें मागून सहज विचारलें, "जगाला शिकवायचं झालं असेल, तर जिन्यावरचे ते गठ्ठे हलवायचे का?" ते गठ्ठे याच मासिकाच्या जुन्या अंकांचे होते, अठरा वर्षांचे, आणि त्यांच्या बाजूनें एका वेळीं एकच मनुष्य कसाबसा उतरूं शकत होता. आम्हीं लेखणी खालीं ठेवली. पुतण्या, सूनबाई व आम्ही अशा तिघांनीं संध्याकाळपर्यंत ते अंक खालच्या कोठारांत नेले. आतां जिना मोकळा आहे.